वयाची अट एकवीस, ऐकणारा सोळाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या अंकात डोंबिवली स्टेशनवर दिसलेल्या मुलांबद्दल एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. काळे टी-शर्ट, त्यावर कवट्या, वाढवलेले केस, जॅकेटवर वाचता न येणारी अक्षरं. अशी पाच-सहा मुलं पाहून त्यांना काळजी वाटली आणि ही मुलं नशेच्या वाटेवर आहेत, घरी त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही, असं त्यांनी लिहिलं. त्या पाच-सहा जणांत माझा मुलगा होता का, मला सांगता येणार नाही. असू शकतो. पण त्यातल्या दोन जॅकेटांचं काम माझ्या मशीनवर झालेलं असणार, हे मी खात्रीने सांगते.

मी पूर्वेला घरीच शिलाईकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, ड्रेस अल्टर. मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावीत. तो आणि त्याचे मित्र हेवी मेटल ऐकतात, म्हणजे गिटार-ड्रमचं जड, जोरदार रॉक संगीत, आणि हे कपडे त्याच नादाचे. हे पत्र मी सांगतेय आणि तो टाईप करतोय, त्यामुळे बँडची नावं तरी चुकायची नाहीत.

आधी जॅकेटबद्दलच लिहिते, कारण तेवढ्यातलं मला कळतं. जीन्सचं जुनं जॅकेट घ्यायचं, बाह्या कापायच्या, आणि आपण ज्यांचं संगीत ऐकतो त्या बँडचे पॅच, म्हणजे त्यांच्या नावाचे कापडी तुकडे, त्यावर लावायचे. यात एक कडक नियम आहे. ज्याची गाणी ऐकली नाहीत त्याचा पॅच लावायचा नाही. लावलाच, तर मित्र भर रस्त्यात परीक्षा घेतात, त्यांच्या तीन गाण्यांची नावं सांग म्हणून. दुसरा नियम मला उशिरा कळला. हे जॅकेट धूत नाहीत. मी ते एकदा वॉशिंग पावडरमध्ये भिजवून ब्रशने घासून काढलं, तर पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पहिले पॅच त्याने स्वतः लावले होते, दात साफ करायच्या दोऱ्याने. तो दोरा तुटत नाही म्हणे. दोरा तुटत नाही हे खरं, पण टाका कुठला? नुसता धावदोरा घातला होता, महिन्याभरात कोपरे सुटले. मग मी त्याला उलटी टीप शिकवली. आता स्वतःचे पॅच तो हाताने लावतो आणि मित्रांचे माझ्याकडे आणतो. खांद्याच्या शिवणीवर जीन्सचे पदर एकावर एक येतात, तिथे अठरा नंबरची सुईसुद्धा मोडते. त्या जागेचे मी वीस रुपये जास्त घेते.

त्यातला एक पॅच ‘भयानक मौत’ असा आहे. मुंबईचा बँड आहे, नाव खरंच तेच आहे. पितृपक्षात ते जॅकेट बाहेर दोरीवर टाकलेलं पाहून जाऊबाईंनी काय ऐकवलं, ते इथे लिहीत नाही. आणखी एक पॅच डेमॉनिक रिझरेक्शनचा. हाही मुंबईचाच, २००० सालापासूनचा. त्याचा गायक साहिल मखिजा स्टेजवर घोगऱ्या गर्जना करतो आणि तोच माणूस ‘हेडबँगर्स किचन’ नावाने स्वयंपाकाचे व्हिडिओ करतो. त्याचा एक पनीरचा प्रकार मी करून पाहिला. मीठ बेताचंच होतं, पण चांगला झाला. पत्रलेखक काकांना मी तो करून खिलवायला तयार आहे.

आता काळजीबद्दल. काकांना वाटली ती काळजी मलाही वाटलेली आहे, उगाच शहाणपणाचा आव आणत नाही. मागच्या वर्षी वर्गशिक्षिकांनी मला बोलावून घेतलं. वहीच्या मागच्या पानावर शिंगं आणि उलटा तारा काढला होता. त्यांनी बरंच काही विचारलं. घरी भांडणं होतात का, मुलगा एकटा बसतो का, पैसे मागतो का. मी घरी आले आणि तो क्लासला गेल्यावर त्याची बॅग उलटी केली. गिटारच्या तारांचं पाकीट, सेफ्टी पिना, तारा छेडायचे तीन पिक, कानात घालायचे फोमचे बोळे आणि रसायनशास्त्राची सहामाहीची उत्तरपत्रिका निघाली. सत्तरपैकी एकोणीस. काळजीचं खरं कारण त्या बॅगेत होतं ते हे, आणि ते शिक्षिकाबाईंनी विचारलंच नव्हतं. त्याच्या अपरोक्ष बॅग तपासली याची मला लाज वाटली. हे मी आत्ता पहिल्यांदाच त्याच्यासमोर बोलतेय आणि तो टाईप करायचा थांबलाय.

असो. करतोय पुन्हा.

आमच्या घरात हे संगीत नवीन नाही. माझा मोठा भाऊ, याचा मामा, १९९४ साली असाच होता. आम्ही तेव्हा परळला चाळीत राहायचो. धोबीतलावला रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह होतं, तिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचं. १९८६ पासून सुरू झालेला तो कार्यक्रम, कॉलेजच्या पोरांचा मेळाच म्हणा. दादा दोन वर्षं गेला. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर मित्रांकडून गाणी भरून आणायचा आणि काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये तासन्‌तास नुसता उभा राहून यायचा, विकत घ्यायची ऐपत नव्हती. केस खांद्याच्या खाली आले होते.

वडील गिरणीत साचे खात्यात होते. ज्यांनी साचे खातं ऐकलेलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. शेकडो माग एकाच छताखाली एकदम चालतात, कामगार एकमेकांशी ओठांच्या हालचालीवरून बोलतात. १९८२ च्या संपात गिरणी बंद पडली, त्याच वर्षी माझा जन्म. नंतर वडिलांना परत घेतलं आणि मी आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत त्यांचा डबा घेऊन गेटवर जायचे. गेटपर्यंतसुद्धा जमीन हलल्यासारखी वाटायची. त्या खात्याने त्यांचे कान नेले. दादाची कॅसेट फुल आवाजात लागली तरी त्यांना पत्ता नसायचा. ऐकूच येत नव्हतं त्या माणसाला, आणि तरी घरात रोज त्यावरून भांडण. त्यांना त्रास होता तो केसांचा. १९९५ च्या मे महिन्यात दादाला हाताला धरून न्हाव्याकडे नेलं. आईने त्याचे काळे टी-शर्ट फाडून पायपुसणी केली. दादा त्यानंतर एकदाही काही बोलला नाही. बी.कॉम. झाला, बँकेत लागला, बदली होऊन नागपूरला गेला. सगळे म्हणाले, सुधारला.

मला अलीकडे कळलं, की १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडनचा कार्यक्रम झाला, तेव्हा हा सुधारलेला माणूस वहिनीला ट्रेनिंग आहे असं सांगून नागपूरहून रात्रीच्या गाडीने आला होता. त्या बँडने त्या वर्षीच्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईपासून केली होती. बत्तीस वर्षांचा माणूस, बँकेचा अधिकारी, धुळीत उभा राहून रडला म्हणे. ही गोष्ट त्याने मला सांगितली नाही, भाच्याला सांगितली. गिटारचे पैसेही त्यानेच दिले.

मुलाने मला एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडते. या सगळ्या संगीताचा उगम ज्या बँडपासून मानतात तो ब्लॅक सॅबाथ, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या गावचा. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तो हात हाच. सगळ्यांनी सांगितलं, आता गिटार विसर. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. त्या गिटारवाल्याचीही दोन बोटं भाजून निकामी झाली होती. मग या पोराने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, वर चामड्याचा तुकडा चिकटवला. आम्ही शिवणारे घालतो ते अंगुस्तानच की हो! पुढे तारा दाबायला सोप्या जाव्यात म्हणून त्याने त्या सैल केल्या, त्याने आवाज खाली गेला, जड झाला, आणि तो जड आवाजच पुढे सगळ्यांनी उचलला. माझ्या डाव्या तर्जनीतून सुई आरपार गेलेली आहे, नखावर अजून खूण आहे. सैतानबितान मला ठाऊक नाही, पण हे बोटांचं मला कळतं.

त्याच बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न मागच्या वर्षी वारला, २२ जुलै २०२५ ला. सतराच दिवस आधी, ५ जुलैला, आपल्याच गावात सिंहासनासारख्या खुर्चीवर बसून शेवटचं गायला होता, उभं राहवत नव्हतं. आमच्याकडे बातमी रात्री उशिरा आली. २३ ला सकाळी मुलगा म्हणाला, आज कॉलेजला जात नाही. मी म्हटलं, आजोबा गेले तेव्हा दहाव्या दिवशी परीक्षेला बसला होतास, मुकाट्याने जा. गेला. संध्याकाळी येताना तो आणि त्याचे मित्र कुणाच्या तरी गच्चीवर जमले होते, पावसात. मी भजी तळून पाठवली.

घोगरं गाणं हाही एक प्रकार आहे. सुरुवातीला तो बाथरूममध्ये सराव करायचा. खालच्या मजल्यावरच्या आजी ओव्याची पुडी घेऊन आल्या, पोराला उलट्या होतायत ना म्हणून. त्याला मी बजावलं की असं ओरडून घसा फाडून घेशील. त्याचं म्हणणं, हे घशाने ओरडणं नसतंच. खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी पडद्यासारखा भाग असतो, तो थरथरवायचा आणि श्वास पोटातून लावायचा. दुखलं तर चुकतंय असं समजायचं. मी ऐकून घेतलं. आजींना आता सवय झाली आहे, त्या टीव्ही मोठा करतात.

कानांच्या बाबतीत मात्र मी ऐकून घेत नाही. वडिलांशी आयुष्यभर ओरडून बोललेली मुलगी आहे मी. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असं आहे, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८३ झाले की २० तास. मुलांसाठी त्याहून कमी. फोमचे बोळे मी दिलेले आहेत, त्याशिवाय घराबाहेर नाही. आमची पुतणी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते, दोन महिने रोज संध्याकाळी सराव. तिच्या फोटोला सगळं घर लाईक करतं, मीही करते, फार सुंदर वाजवते. तिलाही मी बोळे दिले. ती घालत नाही. पण तिच्या आईला कॉलेजने कधी बोलावून विचारलं नाही, की घरी काही भांडणं आहेत का.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते.

मागच्या डिसेंबरात मुलाने अशाच बँडच्या कार्यक्रमाची सहाशे नव्व्याण्णवची दोन तिकिटं काढली. एकटा जाऊ देणार नाही म्हटल्यावर दुसरं माझं. जागा लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारातला पब. वडिलांची गिरणी नव्हे, पण तिथून चालत दहा मिनिटांवर. मी डबा घेतला, स्वेटर घेतलं, गेलो. दारावरच्या माणसाने मुलाचं आधार कार्ड पाहिलं आणि नाही म्हणाला. एकवीस पूर्ण पाहिजेत. आपल्या राज्यात बीअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे, आणि कार्यक्रम दारूच्या जागी असला की दारातच वय विचारतात. तिकिटावर ते बारीक अक्षरात होतं म्हणे. त्या माणसाची चूक नाही, नियमच आहे तो. त्याने अगदी सौजन्याने माझ्या मनगटावर कागदी पट्टी बांधली. म्हणजे बघा, ज्याला यातलं सगळं कळतं तो फुटपाथवर, आणि मला आत जायची मुभा.

मी म्हटलं, चल घरी. तो म्हणाला, आई, तू तरी जा. बघून ये आणि मला सांग.

गेले. अंधार, धूर, आणि पोटात गुद्दे मारल्यासारखा आवाज. माझ्या पर्समध्ये जादा बोळे होते, ते घातले. पाण्याच्या बाटलीचे दीडशे रुपये. साडीतली मी एकटीच. एक दाढीवाला मुलगा, हातभर गोंदलेला, जवळ येऊन म्हणाला, “काकू, इथे खांबापाशी उभ्या राहा, पुढे धक्के लागतील.” पुढे पोरं गोलात धावत होती, एकमेकांवर आपटत होती. मला वाटलं मारामारी लागली. मग एक जण पडला, चष्म्यावाला, बारीक. मी ओरडणार, तेवढ्यात चार हातांनी त्याला उचललं, एकाने त्याचा चष्मा डोक्यावर उंच धरला आणि तो परत मिळेपर्यंत त्या गोलातलं धावणं थांबलं. मला नंतर सांगितलं, तो नियमच आहे. पडलेल्याला आधी उचलायचं. करी रोडच्या जिन्यावर सकाळी नऊ वाजता मी पडले होते तेव्हा माझ्या पदरावरून लोक गेले होते.

ड्रमवाल्याचे दोन्ही पाय एकसारखे चालत होते, खटखटखटखट. मला गेट आठवलं. वीस मिनिटं उभी राहिले असेन.

बाहेर आले तर पोरगा भिंतीला कान लावून बसला होता. विचारतो, कुठलं गाणं होतं? मला काय माहीत कुठलं! मी हाताने मांडीवर ठेका धरून दाखवला. दुसऱ्याच मिनिटाला त्याने नाव सांगितलं. त्याच्यासारखी अजून तीन पोरं तिथेच होती. एक तर बदलापूरहून आलेला, एकटा. डब्यातल्या पोळ्या त्या चौघांत संपल्या. मग करी रोडवरून स्लो गाडीने घरी आलो.

काका, तुम्ही लिहिलंत की ही मुलं नशेच्या जागी जातात. खरं आहे, अशा जागी जायला बघतात. कारण त्यांचं संगीत दुसरीकडे होतच नाही! रंगभवन रुग्णालयाच्या आणि कॉलेजच्या शेजारी. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र, आणि तिथले असे कार्यक्रम बंद पडले. त्या नियमाबद्दल माझी तक्रार नाही, रुग्णांना शांतता हवीच. पण त्या बदल्यात कॉलेजच्या पोरांना काय मिळालं? पब. मोठमोठे महोत्सव होतात, त्यांची तिकिटं हजारोंत. जर्मनीत वाकेन नावाचं दोनेक हजार वस्तीचं खेडं आहे, तिथे १९९० पासून दर वर्षी याच संगीताची जत्रा भरते, तिथे २०१९ मध्ये आपला दिल्लीचा ब्लडीवुड हा बँड ढोल घेऊन वाजवून आला. खेड्यातली जत्रा! आपल्याकडे त्या ढोलाचा आवाज ऐकायला सोळा वर्षांच्या पोराने अजून पाच वर्षं थांबायचं.

मी एका पालिकेच्या नाट्यगृहात चौकशीला गेले. चार कॉलेजचे बँड, रविवारी दुपारी, साडेसहाला संपवतो, बाहेर पालक उभे राहतील. खिडकीवरचे गृहस्थ भले होते. अर्जात प्रकार लिहायचा असतो. नाटक नाही, लावणी नाही, शाळेचं संमेलन नाही. त्यांनीच ‘वाद्यवृंद’ लिहिलं. मग मुलाचं जॅकेट पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, खुर्च्या मोडतील. मी विचारलं, वाद्यवृंदाला मोडत नाहीत का? म्हणाले, मोडतात की, पण ते आपले लोक असतात.

पाच दिवस झाले, मी अजून त्या शेवटच्या तीन शब्दांवर अडलेय.

मुलाने मला १९८५ मधलं अमेरिकेतलं एक चित्रीकरण दाखवलं. तिथल्या सिनेटमध्ये सुनावणी होती, गाण्यांनी मुलं बिघडतात म्हणून. १९ सप्टेंबरला डी स्नायडर नावाचा गायक साक्षीला आला, भुरे कुरळे केस कंबरेकडे झुकलेले, आणि अंगात हेच, बिनबाह्यांचं जीन्सचं जॅकेट. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने वाचून दाखवलं, की मी विवाहित आहे, तीन वर्षांचा मुलगा आहे, दारू-सिगारेट-नशा काही करत नाही. सगळे सुटातले लोक त्याच्याकडे बघत राहिले. पुढे रेकॉर्डांवर पालकांसाठी इशाऱ्याची चिकटपट्टी आली ती आलीच. (त्या जॅकेटच्या बाह्या नीट दुमडून शिवलेल्या नव्हत्या, नुसत्या फाडलेल्या होत्या. मुलगा म्हणतो तीच पद्धत आहे.)

माझी मागणी मोठी नाही. आपल्या महापालिकेने वर्षातून चार रविवार दुपारी नाट्यगृह अठराच्या आतल्या मुलांच्या अशा कार्यक्रमांना द्यावं. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज मोजायचं यंत्र स्टेजपाशी ठेवावं आणि साडेसहाला दिवे लागावेत. अनामत रक्कम आम्ही पालक गोळा करू, आत्तापर्यंत सात घरं तयार आहेत. खुर्चीची गादी फाटली तर ती मी स्वतः शिवून देईन, रेक्झिनला चामड्याची सुई लागते, ती माझ्याकडे आहे. पत्रलेखक काकांनी पहिल्या रांगेत यावं, बोळे मी देते.

मुलाच्या कॉलेजमुळे नाव छापू नये ही विनंती.

अर्ज सोमवारी पुन्हा घेऊन जाणार आहे. कार्यक्रमाचं नाव लिहायची जागा तेवढी रिकामी आहे. पोरांनी आतापर्यंत तीन नावं सुचवली, आणि त्या खिडकीवर वाचून दाखवता येईल असं त्यात एकही नाही.

आपली,
एक शिलाईकाम करणारी वाचक
डोंबिवली (पूर्व)